थर्माकोलचं वजन

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, घरात वशाट शिजतं का हेसुद्धा विचारलं नाही. पलंगावर मांडी घालून बसलेल्या त्या उंच, हडकुळ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा कचरा किती?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. हा प्रश्न मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही विचारला नव्हता.

"असेल की बादलीभर."

"बादली केवढी?"

"बादलीएवढी," मी म्हणाले. जीभ तेव्हाही अशीच होती.

ते हसले नाहीत. "अंदाज मंजे आळसाचा सख्खा भाऊ. रोज सकाळी गेटवर कचरा तोलून घ्यावा लागंल. कबूल आसंल तर किल्ली घ्या, नायतर गल्लीत आणखी घरं हायेत."

ह्यांची वाळूजला शिफ्टची नोकरी, कडेवर वर्षाचं लेकरू आणि गाठीशी फुलंब्रीहून रोज ये-जा केल्याचा कंटाळा. आम्ही किल्ली घेतली. मुकुंदवाडीच्या पुढं, जिथं आदल्या सालापर्यंत ज्वारी उभी राहायची तिथं प्लॉट पडले होते आणि त्यातली ही एक गल्ली. गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणायचे. मी भाडेकरू म्हणून काका म्हणायला लागले, ते त्यांनी चालवून घेतलं.

काकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. बाजारोबाजार फिरायचं, दुकानदाराचा काटा तपासायचा, खरा असेल तर शिक्का, खोटा असेल तर जप्त. एकदा म्हणे अजिंठ्याच्या आठवडी बाजारात ते एसटीतून उतरले आणि क्षणात सगळ्या बाजारातले काटे गायब झाले. माल मांडलेला, गिऱ्हाईक उभं, आणि तोलायला काही नाही. दुसरा कुणी चिडला असता. काकांनी पेरू घेतला, तोही नगावर, आणि चिंचेखाली बसून सावकाश खाल्ला. मग दुसरा घेतला. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, उन्हं कलली, तेव्हा एकेकानं निमूटपणे गोणपाटाखालून काटा बाहेर काढला. "मला घाई नव्हती," काका सांगायचे. "खोटं काम करणाऱ्याला कायम घाई आसती."

निवृत्त झाले तरी मंडईत त्यांचा दरारा होता. भाजीवाले त्यांना बघितलं की भीतीनं मूठभर जास्तच घालायचे. काका ती मूठ उचलून परत टोपलीत टाकायचे. "जास्त बी खोटंच आसतं," म्हणायचे. काकू याला वैतागल्या होत्या. "शेजारपाजारच्या बायका कोथिंबिरीची जुडी फुकट आणतात, आणि आमचे हे हातातली मिरची परत देऊन येतात. मला बघायला आले तव्हा पोह्यांची बशी हातावर तोलून बसले होते. माझ्या बापाला वाटलं, पोरगा लाजाळू हाय."

कचऱ्याचं खूळ निवृत्तीनंतरचं. रिकामे हात त्यांना सोसेनात. त्यांचं म्हणणं असं, की शहर वाढलं, घाण वाढली म्हणून सगळे बोंबलतात, पण किती वाढली हे कुणी सांगत नाही. डोळा अंदाज करतो, न्याय काटाच करतो. म्हणून त्यांनी गेटच्या आडव्या लोखंडी दांडीला स्प्रिंगचा काटा टांगला. घंटागाडी यायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक घरानं ओल्या कचऱ्याची बादली आणि सुक्याची गोणी आणायची, काकांनी तोलायची, आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर लावलेल्या फळ्यावर घराघराचं वजन खडूनं लिहायचं. सुकं घंटागाडीत जायचं. ओलं प्लॉटवरच्या दोन विटांच्या हौदांत, खत व्हायला. हौद काकांनी स्वतः उभं राहून बांधून घेतले होते.

फळ्याची गंमत अशी की तो सगळं सांगायचा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे आमरस झाला, कुणाच्या घरी भांडण होऊन भाकरी तशीच राहिली. माझी नणंद चार दिवस राहायला आली तर काकांनी आमच्या आकड्यापुढे कंसात 'पाहुणे' असं लिहून मला सूट दिली. नणंदेला ते आवडलं नाही.

शेवटच्या घरातले बँकवाले फळ्याला फार घाबरायचे. आपला आकडा कमी दिसावा म्हणून ते कलिंगडाची सालं डब्याच्या पिशवीसारख्याच पिशवीत भरून स्कूटरवरून न्यायचे आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला कुठंतरी भिरकावून पुढं कामाला जायचे. एके दिवशी पिशव्यांची अदलाबदल झाली. जेवणाची पोळीभाजी स्टेशनापाशी गेली, आणि दुपारी साहेबलोकांसमोर त्यांनी मोठ्या ऐटीत सालांची पिशवी उघडली. ही गोष्ट गल्लीत आली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. काका मात्र त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "गल्लीतून गेला मंजे जगातून गेला व्हय?" एवढंच विचारून परत आले. दुसऱ्या दिवसापासून सालं गेटवर यायला लागली.

मग दुष्काळ आला. एक पाऊस हुकला, दुसराही हुकला, जायकवाडीत गाळ दिसायला लागला. आमच्या नव्या वस्तीला तशीही नळाची लाइन नव्हती, टँकरवरच सगळं. तो आला की सगळी गल्ली पाइप आणि ड्रम घेऊन धावायची. कापडं आठवड्यानं, लेकराची तेवढी रोज. मी भाजी धुतलेल्या पाण्यात फडकं पिळायची आणि त्याच पाण्यानं फरशी पुसायची. पाण्याचा थेंब जमिनीवर पडला तर जीव चुटपुटायचा, खोटं नाही सांगत.

त्यातच वाळूजच्या एका कंपनीनं शहरातल्या वसाहतींसाठी स्पर्धा ठेवली. ज्या वसाहतीचा घरगुती कचरा वर्षात सगळ्यांत जास्त घटेल, तिला उन्हाळाभर रोज एक टँकर. कंपनीतर्फे एक तरुण मुलगी माहिती घ्यायला आली. तिच्या छापील कागदावर वर मोठ्या अक्षरांत 'घरगुती कचरा व्यवस्थापनाची शाश्वतता' असं लिहिलेलं होतं.

"शाश्वत मंजे काय, ताई?" काकांनी विचारलं.

"म्हणजे जे पुढंही टिकेल असं, काका."

"ह्या गावात शाश्वत म्हणून म्या फक्त कीर्तनात ऐकलंय. पण मोजायचं म्हणता, तर मोजू. काट्याला आमी हायेत."

मुलगी चकितच झाली. बाकीच्या वसाहतींत तिला 'असेल की बादलीभर' म्हणणारे माझ्यासारखे भेटले होते. इथं एक माणूस वर्षभराची रोजची वजनं वहीत उतरवून उभा होता.

गल्लीत उत्साह संचारला. सगळ्यांत जास्त खानावळवाल्या वहिनींना. कोपऱ्यावरच्या घरात त्यांची खानावळ होती. कंपनीतली, कॉलेजातली एकटी पोरं दोन वेळा तिथं जेवायची. नवरा गेल्यावर वहिनींनी मागच्या अंगणातल्या चुलीवर भाकऱ्या थापून दोन लेकी शिकवल्या होत्या. त्यांना पाणी आमच्या दहापट लागायचं. पाणी नाही म्हणून त्यांनी आधीच सकाळची पंगत बंद केली होती, आणि असंच चाललं तर संध्याकाळचीही करावी लागणार होती. "टँकर मिळाला तर माझी चूल चालती, नाय मिळाला तर विझती," असं त्या सरळ बोलून दाखवायच्या.

आणि फळ्यावरचे आकडे खरोखरच उतरत गेले. महिन्यामागून महिने. पहिल्यांदा थोडे, मग इतके की उन्हाळ्याच्या तोंडाला गल्लीचा कचरा निम्म्यावर आला. काकांची मान ताठ झाली. मुलीनं फोनवर सांगितलं, तुमची वसाहत पुढं आहे, शेवटची पाहणी तेवढी राहिली. वहिनींनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यातली सकाळ. मी लेकराला कडेवर घेऊन रांगेत उभी होते. वहिनींची सुक्या कचऱ्याची गोणी काकांनी काट्याला अडकवली. गोणी माणसाच्या छातीएवढी उंच, आणि काट्याची सुई जागची हलेना. काकांनी गोणी काढली, परत लावली. मग ते घरात गेले आणि स्वतःचं पितळी वजन घेऊन आले, पूर्वी ज्यानं दुकानदारांचे काटे तपासायचे ते. ते अडकवलं. सुई बरोबर आकड्यावर.

काटा खरा होता. काकांनी गोणीचं तोंड सोडलं. आत थर्माकोलच्या पत्रावळ्या होत्या, द्रोण होते, प्लॅस्टिकचे पेले होते. त्यांनी आमची गोणी उघडली, बँकवाल्यांची उघडली. तेच. भांडी घासायला पाणी नाही म्हणून सगळी गल्ली थर्माकोलमध्ये जेवत होती. त्याला वजन कुठलं असायला? भाज्या महागल्या म्हणून सालं कमी, जी होती ती उन्हानं वाळून पापडासारखी झालेली. कचरा घटलाच नव्हता, हलका झाला होता.

काका रागानं काकूंकडे वळले. "समदी गल्ली फेकून देण्याच्या ताटात जेवती, आणि मला कुणी सांगितलं नाय?"

"तुमी कशात जेवता?" काकूंनी शांतपणे विचारलं.

काका स्वतःही संक्रांतीपासून थर्माकोलमध्येच जेवत होते. आयुष्यभर दुसऱ्याचं पारडं बघणाऱ्या माणसाला आपल्यापुढचं ताट दिसलं नव्हतं. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

त्याच दुपारी त्यांनी गल्लीला प्लॉटवर बोलावलं आणि सांगून टाकलं, की पाहणीच्या दिवशी हे सगळं त्या मुलीला दाखवणार.

एकच कल्ला झाला. बँकवाले कायदा सांगायला लागले. वहिनी मात्र आवाज न चढवता पुढं आल्या.

"साहेब, म्या तुमाला खोटं बोला म्हणत नाय. तुमी निस्तं गप बसा. त्यांच्या कागदावर किलो विचारलेत, आपले किलो खरे हायेत. बेइमानी कुठं झाली?"

"त्यांनी किलो विचारले, कारण त्यांना ठाऊक नाय. मला ठाऊक झालं आता."

"माझ्या घरात पाणी नाय, हे बी ठाऊक हाय ना तुमाला?"

"हाय."

"मंग?"

काकांनी समोरच्या गेटवर टांगलेल्या काट्याकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनी, म्या लोकांचे काटे जप्त केले. गरिबाचे बी केले. माझ्याच काट्यावर आता कसा शिक्का मारू?"

वहिनी पदर तोंडाला लावून निघून गेल्या. खरं सांगते, मला काकांचा भयंकर राग आला. माणसाचं इमान महत्त्वाचं हे मलाही कळतं, पण लेकराचे कपडे त्यांना धुवायचे नव्हते, मला होते.

पाहणीला मुलगी आली. काकांनी आठवडाभराचा सुका कचरा घंटागाडीला न देता प्लॉटवर रचून ठेवला होता. आधी तिच्यासमोर एकेक गोणी तोलून दाखवली, वजन नगण्य. मग सगळ्या गोण्या मोकळ्या केल्या. पांढरा ढीग फळ्याच्या वर गेला. वारा सुटला तशा पत्रावळ्या गल्लीभर उडायला लागल्या आणि आम्ही सगळे मान खाली घालून त्या गोळा करत फिरलो.

"काका, आमच्या कागदात याला रकाना नाही," मुलगी पडेल आवाजात म्हणाली.

"मंग काढा रकाना. आन् त्याच्यात ल्ह्या, की पाणी गेलं का पत्रावळ येती. नुसता काटा बगू नका. म्या तेच करून फसलो."

तिनं लिहून घेतलं. टँकर जालना रोडच्या पलीकडच्या एका वसाहतीला गेला. तो रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडावरून, पाणी हिंदकळत, जायचा.

दुसऱ्या दिवशी गेटवर कुणी बादली आणली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाडेकरू म्हणून मी गेले, भीड म्हणा हवं तर. फळ्यावर दोनच आकडे, काकांचा आणि आमचा. लोक समोरून जाताना दुसरीकडे बघायचे. काका नेमानं उभे राहायचे, वेळ झाली की आत यायचे. "मंडईत म्या याच्यापेक्षा वाईट दिवस काढलेत," म्हणायचे, पण जेवण कमी झालं होतं, हे काकूंनी मला सांगितलं.

एका सकाळी ते हौदापाशी गेले तर हौद ठणठणीत कोरडा. खत कसलं, सालांचा नुसता भुगा आणि मुंग्या. ओल नाही तर कुजणार काय? काका तिथं उकिडवे बसून राहिले. मी भांड्यांत साठवलेलं तांदळाचं धुवण तुळशीला घालत होते, ते त्यांनी पाहिलं. उठले ते थेट वहिनींच्या दारात.

"वहिनी, चुलीची राख पायजे."

वहिनींनी आतून पायानं राखेचा डबा उंबऱ्याबाहेर सरकवला आणि दार लावून घेतलं. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

मग त्यांनी प्लॉटवर पाट मांडला. एकीकडे राख, पुढं ओळीनं दोन घमेली, प्रत्येकात तळाशी थोडंसं पाणी. आणि घरातली स्टीलची ताटं. कोरड्या राखेनं घासायचं, पहिल्या घमेल्यात बुडवायचं, दुसऱ्यात विसळायचं, उन्हात पालथं घालायचं. साबण नाही, म्हणून उरलेलं पाणी सरळ हौदात. भांडी निघतील, पत्रावळी सुटतील, हौद ओला राहील. हिशेब चोख होता. अडचण एकच, या माणसानं जन्मात चहाचा कप उचलून ठेवला नव्हता.

काकू दाराला टेकून बघत राहिल्या. "चाळीस वर्षं संसार केला," मला म्हणाल्या, "हे बघायला दुष्काळ यावा लागला."

गल्लीला आयता तमाशा मिळाला. बँकवाले स्कूटर थांबवून विचारायचे, "काय साहेब, दुकान टाकलं का?" काका म्हणायचे, "टाकलं. तुमची ताटं घेऊन या." ते काय आणतात! मी मात्र आणली. राग गेला होता असं नाही, पण एवढा वयस्कर माणूस कोपरापर्यंत राख माखून बसलेला असताना मला थर्माकोलमध्ये घास उतरेना. ताटं घासून यायची तशीच चिकट. मी गुपचूप पुसून घ्यायची. रोज उन्हात त्यांची पाठ भिजायची, गुडघे धरून उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत पाट मांडलेला. एवढ्या चिवटपणाचं काय करावं हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

वहिनींच्या दाराबाहेर राखेचा डबा मात्र रोज ठेवलेला असायचा. दार लावलेलं असायचं.

असेच दिवस गेले आणि एका सकाळी दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या त्या डोक्यावर टोपलं घेऊन. टोपल्यात खानावळीची स्टीलची ताटं, कधीपासून माळ्यावर बांधून ठेवलेली, धुळीनं भरलेली. बँकवाल्यांनी चालू केलेली स्कूटर बंद केली. वहिनी सरळ पाटापाशी गेल्या. टोपलं आदळलं. काकांनी हात पुढं केला, त्यातलं वरचं ताट घेतलं आणि घासायला सुरुवात केली, तशीच, गोल गोल, कडा सोडून.

वहिनी थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग त्यांना राहवेना.

"व्हा तिकडं, साहेब! आसल्या तेलकट ताटात माझी पोरं जेवतील व्हय? कडा कोण घासणार, तुमचा काटा?"

काका उठले. मी त्यांना कुणाचं ऐकताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनींनी पदर खोचला, पाटावर बसल्या आणि चिमूटभर राखेत ताट असं लख्ख काढलं की उन्हात त्याच्याकडे बघवेना. काका बाजूला उभे, राखेचे हात लोंबकळत, आता काय करावं ते न सुचून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्या दुष्काळातसुद्धा.

"बगता काय?" वहिनींनी मान वर न करता काळ्या पाण्याचं घमेलं त्यांच्याकडे सरकवलं. "ते वता की हौदात."

काकांनी घमेलं उचललं आणि हौदाकडे निघाले. एक थेंब सांडू नये म्हणून ते इतके जपून पावलं टाकत होते, ओठ घट्ट मिटून, डोळे पाण्यावरून न हलवता, की अर्ध्या वाटेत मागून वहिनी ओरडल्या, "चला हो लवकर, दुसरं भरलं!"